चावीताईंचा राहिलेला विषय

जिन्याखालच्या त्या जागेत ताठ उभं राहिलं की डोकं आपटायचं, म्हणून तिथे येणारा प्रत्येक माणूस आपोआप वाकायचा. अधिष्ठातासुद्धा वाकायचे. समोर टेबलामागे चावीताई बसलेल्या, त्यांच्या पाठीशी लाकडी फळी, फळीवर एकशे चाळीस खिळे आणि प्रत्येक खिळ्याला एक चावी. विद्यापीठातली कुठली खोली कुणाला कधी मिळणार हे चावीताई ठरवत नसत, त्या फक्त नोंदवहीत लिहीत. पण त्या नोंदवहीत जे लिहिलेलं नाही ते विद्यापीठात घडतच नसे, त्यामुळे ठरवणं आणि लिहिणं यात फारसा फरक उरला नव्हता. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि ते तिथून कधी बाहेर पडलं नाही.

बाई पन्नाशी ओलांडून तीन वर्षं झालेल्या. नवऱ्याचं बसस्थानकासमोर चष्म्याचं दुकान. एकुलती एक मुलगी याच विद्यापीठात संख्याशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला, आणि आई जिन्याखाली बसते हे मैत्रिणींना सांगायला तिला काही वाटत नसे, कारण परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाला रिकामी खोली मिळवून देणारी आई दुसऱ्या कुणाला नव्हती.

एक गोष्ट मात्र मुलीलाही उशिरा कळली होती. आई पदवीधर नाही.

तिथल्या नियमाप्रमाणे कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याला आपल्या मुख्य विषयाशिवाय सात सामान्य विषय पास व्हावे लागत. माणूस चौफेर घडावा, हा उद्देश. चावीताई त्यांच्या तरुणपणी सातांपैकी सहा बाजूंनी घडल्या होत्या. सातवी बाजू सामान्य विज्ञानाची. तिन्ही वेळा पेपरात ‘मानवी डोळ्याची आकृती काढून भागांना नावे द्या’ हाच प्रश्न आला, आणि तिन्ही वेळा बाईंनी काढलेला डोळा परीक्षकाला बटाट्यासारखा दिसला असावा. चौथ्यांदा बसायचं तोच वडील अंथरुणाला खिळले. बाईंनी विद्यापीठातच टंकलेखिकेची तात्पुरती नोकरी धरली. ‘येत्या परीक्षेला बसते’ म्हणता म्हणता एकतीस वर्षं गेली. मधल्या काळात लग्न झालं, तेही चष्मेवाल्याशी.

“तेव्हा ओळख असती तर डोळा मी पाठ करून घेतला असता,” नवरा दर दोन-तीन वर्षांनी म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

तर एका वर्षी विद्यापीठाला साक्षात्कार झाला की या सात विषयांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. मुलं सकाळी इतिहास घोकतात, दुपारी विज्ञान घोकतात आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही विसरतात. यावर उपाय म्हणून एक नवी योजना आली. ज्यांना सात सुटे विषय नको असतील त्यांनी त्याऐवजी तीन सत्रांचा एक जोडअभ्यास घ्यायचा. त्यात सगळे विषय एकत्र, एकाच प्रश्नाभोवती शिकवायचे, आणि शिकवणारे तीन विभागांचे तीन प्राध्यापक एकाच वेळी वर्गात हजर राहायचे. कल्पना इतिहासाच्या मॅडमची. बाई हुशार, तळमळीच्या, आणि बोलायला लागल्या की समोरच्याला आपण उगाचच जगलो असं वाटायला लावणाऱ्या. त्यांच्या जोडीला भौतिकशास्त्राचे सर आले, कारण त्यांना कामाचे तास कमी पडत होते. आणि साहित्याचे सर आले, कारण भौतिकशास्त्राचे सर आले होते.

योजनेचं नाव ठरवायला समितीला सात बैठका लागल्या. शेवटी ‘समन्वित पर्यायी सामान्य शिक्षण कार्यक्रम’ असं नाव पडलं आणि कागदोपत्री त्याचं ‘सपसाशिका’ झालं. मुलांनी दोन दिवसांत त्याचं ‘सपासप’ केलं. खरं तर त्यात सपासप असं काहीच होत नव्हतं.

पहिली अडचण संगणकाची. प्रत्येक अभ्यासक्रमाला विभागाचा संकेतांक द्यावाच लागे, आणि सपासपला विभागच नव्हता. मॅडम म्हणाल्या, “विभाग नसणं हाच तर मुद्दा आहे!” संगणकाला मुद्दा समजेना. तीन विभागांपैकी कुणी आपला संकेतांक दुसऱ्या दोघांना वापरू देईना. अखेर चावीताईंनीच सुचवलं, “तात्पुरता व्यायामशाळेचा टाकू का? त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही.” तसा टाकला. परिणाम असा झाला, की तत्त्वचिंतनाच्या ओढीने नाव नोंदवलेल्या चाळीस विद्यार्थ्यांना आपोआप संदेश गेला, ‘पहिल्या तासाला खेळाचे बूट घालून यावे व वैद्यकीय दाखला सोबत आणावा.’ अकरा जण खरोखर दाखला घेऊन आले.

दुसरी अडचण खोलीची. मॅडमना दोनशे सात हवी होती. दोनशे सात सगळ्यांनाच हवी असायची. दुसऱ्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना खिडक्या, ऐंशी खुर्च्या, नवा पडदा, आणि बाहेर पाच पावलांवर चहाचं यंत्र. नोंदवहीत ती खोली आठवड्याचे अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस तास भरलेली होती.

“मॅडम, पाचनंतर व्यायामशाळेतली टेबल टेनिसची खोली मोकळी असते,” चावीताई म्हणाल्या.

“टेबल टेनिस?”

“टेबल मोठं आहे. तिघं बसाल.”

तसं झालं. टेबलावरची जाळी काढता येत नव्हती, कारण ती व्यायामशाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये टेबलासकट एकच वस्तू म्हणून चढली होती. तेव्हा जाळीच्या एका अंगाला भौतिकशास्त्र बसायचं, दुसऱ्या अंगाला साहित्य, आणि मॅडम मधोमध पंचाच्या उंच खुर्चीवर. विषयांमधल्या भिंती पाडायला निघालेल्या अभ्यासक्रमाचं पहिलं सत्र असं जाळीच्या आरपार सुरू झालं.

चावीताई यात ओढल्या गेल्या त्या टंकलेखनामुळे. योजनेचे नियम टाईप करायचं काम मॅडमनी त्यांच्याच गळ्यात घातलं होतं, कारण मॅडमच्या विभागातल्या लेखनिकाने ‘हे आमच्या विभागाचं काम नाही’ असं लेखी दिलं होतं. नियम क्रमांक एकोणीसवर बाईंची बोटं थांबली. ‘पूर्वी एखादा सामान्य विषय राहिला असल्यास, सदर कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या माजी विद्यार्थ्यास तो विषय सुटला असे मानण्यात येईल.’ त्यांनी ती ओळ टाईप केली. मग पुन्हा एकदा केली. तपासताना मॅडमनी दुसरी ओळ खोडली आणि म्हणाल्या, “चावीताई, हे दोनदा आलंय.”

“हो का,” बाई म्हणाल्या.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी विषय काढला. नवऱ्याने घास हातातच धरला. मुलगी एकदम म्हणाली, “आई, घे ना! पण तिथे फार काही शिकवणार नाहीत हं. आमच्यातली ढ मुलं घेतायत ते.”

“मग जमेल मला,” आई म्हणाली.

अर्ज घेऊन त्या आपल्या साहेबांकडे, म्हणजे उपकुलसचिवांकडे गेल्या. साहेब कुठलाही कागद आधी उलटा करून मागे काही लिहिलंय का ते पाहत. मागे काही नव्हतं, त्यामुळे त्यांचा संशय वाढला.

“तुम्ही कर्मचारी आहात की विद्यार्थी?”

“आत्ता कर्मचारी, साहेब. पाचनंतर विद्यार्थी.”

“कार्यालयीन वेळेत वर्ग असेल तर परवानगी देता येत नाही.”

“वर्ग पाचलाच सुरू होतो.”

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. “ही वेळ कुणी ठरवली?”

“खोली तेव्हाच रिकामी असते.”

“आणि खोली रिकामी आहे हे कुणी सांगितलं?”

“मी.”

साहेब बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. यात कुठेतरी भ्रष्टाचार आहे असं त्यांना वाटत होतं, पण तो नेमका कशात हे सापडेना. हा कागद त्यांनी अभिप्रायासाठी विधी शाखेकडे पाठवला, विधी शाखेने आस्थापनेकडे, आणि आस्थापनेने ‘सदर वर्गासाठी खोली उपलब्ध आहे काय याची खात्री करावी’ असा शेरा मारून चावीताईंकडेच. बाईंनी ‘उपलब्ध आहे’ असं लिहून सही केली. अशी त्यांना परवानगी मिळाली.

पहिल्या सत्राचा प्रश्न होता, ‘वेळ म्हणजे काय?’ भौतिकशास्त्राचे सर लंबकाचं सूत्र सांगायचे. ते थांबले की साहित्याचे सर प्रतीक्षेवर बोलायचे, डोळे मिटून. मग मॅडम उंच खुर्चीवरून घड्याळांचा इतिहास सांगायच्या. एकाचं बोलणं चालू असताना बाकीचे दोघं उत्तरपत्रिका तपासायचे. तीन पाहुणे एकाच घरी चुकून एकाच दिवशी यावेत, तसा तो वर्ग. चावीताई पुढच्या बाकावर, वही उघडून, सगळं उतरवून घेत. आजूबाजूची पोरं त्यांना आधी ‘मॅडम’ म्हणाली, मग ‘काकू’, मग त्यांच्या वहीचे फोटो काढायला लागल्यावर ‘ताई’.

तिसऱ्या आठवड्यात भौतिकशास्त्राचे सर म्हणाले, “काही शंका?” ते वाक्य ते गेली बावीस वर्षं तास संपल्याची खूण म्हणून वापरत. चावीताईंनी हात वर केला.

“सर, एक तास साठ मिनिटांचा असतो ना?”

“अर्थात.”

“मग आपला तास पन्नास मिनिटांचा का?”

सर हसले. मग त्यांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी साहित्याच्या सरांकडे पाहिलं. साहित्याच्या सरांनी डोळे मिटले. तिघांनी मिळून आयुष्याची सत्तर-पंचाहत्तर वर्षं पन्नास मिनिटांचे तास घेतले होते, पण हा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

“अवधानाची मर्यादा…” सर म्हणाले.

“औद्योगिक शिस्त…” मॅडम म्हणाल्या.

चावीताई संकोचल्या. “मला जुन्या फायलीत दिसलं होतं म्हणून विचारलं. पूर्वी विज्ञानाची इमारत टेकडीपलीकडे होती. मुलांना चालत यायला दहा मिनिटं लागायची, म्हणून दहा कापली. ती इमारत पाडून बत्तीस वर्षं झाली.”

वर्गात खसखस पिकली. मॅडम मात्र खुर्चीवरून खाली उतरल्या, अगदी टेबलापर्यंत आल्या, आणि म्हणाल्या, “ती फाईल उद्या मला दाखवाल?” त्या दिवशी पहिल्यांदा तिघंही प्राध्यापक सहा वाजून गेले तरी उठले नाहीत. दहा मिनिटं कापल्याने वर्षाचे किती तास जातात हे सरांनी फळ्यावर मांडलं. साहित्याच्या सरांनी विचारलं, मग त्या रिकाम्या दहा मिनिटांत मुलं करतात काय, आणि मुलांनी जे सांगितलं ते ऐकून त्यांनी डोळे उघडले.

पण ते तेवढंच. पुढच्या आठवड्यात पुन्हा लंबक, प्रतीक्षा आणि घड्याळं.

तिसऱ्या सत्रात प्रत्येकाने आपल्या परिसरातली एक गोष्ट निवडायची आणि तिच्याकडे निदान तीन विषयांतून पाहायचं, असा नियम होता. पोरांनी मोठमोठे विषय घेतले. एकाने विश्व घेतलं. एकीने प्रेम घेतलं. चावीताईंनी दोनशे सात नंबरची खोली घेतली.

“एवढीशी?” मॅडमनी विचारलं.

“मला एवढीच नीट माहीत आहे.”

सहा आठवडे बाई दर तासाला दुसऱ्या मजल्यावर चढल्या आणि दाराच्या काचेतून आत पाहून आल्या. किती माणसं, किती दिवे, किती पंखे, आणि काचेला आतून लावलेल्या तापमापकाचा आकडा. गुडघे बोलायला लागले. जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला वाटे, बाईंना चहाची चटक लागली. शिवाय सव्वीस वर्षांच्या नोंदवह्या त्यांच्याच कपाटात होत्या, आणि त्या खोलीसाठी वेगवेगळ्या विभागांनी लिहिलेली तीनशे बारा पत्रं होती. ती त्यांनी एकेक करून वाचली. पत्रं वाचताना त्यांना एक गंमत दिसली. सुरुवातीची पत्रं एका ओळीची होती, ‘खोली हवी आहे.’ पुढे ‘तातडीने’ आलं. मग ‘अत्यंत तातडीने’. अलीकडच्या एका पत्रात तर ‘हा आमच्या विभागाच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे’ असं होतं.

रविवारी त्यांनी सगळं स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडलं आणि मुलीला हाक मारली.

“हे बघ. एका बाजूला पत्रात ‘अत्यंत’ किती वेळा आलंय, दुसऱ्या बाजूला तो विभाग खोली खरंच किती तास वापरतो. यांचं काही नातं आहे का, कसं काढतात?”

मुलीने आधी तोंड वाकडं केलं, मग खुर्ची ओढली. तासाभराने तिने कागदावर एक रेघ काढली. रेघ डावीकडून उजवीकडे सरळ खाली उतरत होती.

“आई,” ती हळूच म्हणाली, “जितके ‘अत्यंत’ जास्त, तितकी खोली रिकामी.”

गणित विभागाने एकदाही ‘अत्यंत’ लिहिलं नव्हतं. ते खोली आठवड्याला अकरा तास वापरत. साहित्य विभागाने अस्तित्वाचा प्रश्न काढला होता, आणि त्यांच्या चारही तासांना खोलीत चारही पंखे जोरात फिरत होते, माणूस मात्र एकही नव्हता. भौतिकशास्त्राच्या तासांना खोलीत कुणी नसलं तरी पडद्याचं यंत्र चालू राही, त्यामुळे भर थंडीतही ती बिल्डिंगमधली सगळ्यात उबदार खोली होती. अठ्ठेचाळीस तास भरलेली म्हणून नोंदलेली खोली खरी भरायची फक्त एकोणीस तास.

सगळ्यात जास्त ‘अत्यंत’ असलेलं पत्र मात्र बाईंनी बाजूला काढून ठेवलं होतं. एका पानात पाच वेळा. ते सपासपचं होतं. मॅडमचं. आणि खोली न मिळाल्याने सपासपने ती शून्य तास वापरली होती, पण त्याआधी दोन वर्षं इतिहास विभागाच्या नावावर मॅडमनीच दोन तास अडवून ठेवले होते आणि त्या तासांना चावी न्यायलाही कुणी आलं नव्हतं.

“हे पत्र गाळलं तर?” बाईंनी नवऱ्याला विचारलं. तो दुकानातून आणलेली एक काच फडक्याने पुसत बसला होता.

“रेघ बदलते का?”

“थोडी वर सरकते.”

त्याने काच उजेडात धरली. “मी गिऱ्हाइकाला खरा नंबर सांगतो. कितीही रागावलं तरी. परत माझ्याकडेच येतात.” मग जरा थांबून म्हणाला, “म्हणजे… बरेचसे येतात.”

बाईंनी पत्र आत ठेवलं. मॅडमनी त्यांना वर्गात घेतलं होतं, मॅडमनी फाईल मागितली होती, मॅडम त्यांना ‘तुम्ही सांगा’ म्हणत होत्या. आणि आता मॅडमचंच पितळ त्या टेबल टेनिसच्या टेबलावर सगळ्यांसमोर उघडं पाडणार होत्या.

सादरीकरणाच्या दिवशी बाईंनी कागद वाचून दाखवला. पाच ‘अत्यंत’वाल्या पत्रापाशी आल्यावर त्यांनी मान वर केली नाही, सरळ वाचत सुटल्या. वाचून झाल्यावर खोलीत कोपऱ्यातला एक चेंडू घरंगळल्याचा आवाज तेवढा आला.

भौतिकशास्त्राचे सर घसा खाकरून म्हणाले, “भाषा फार सुंदर आहे. इतिहासही खोल. मात्र भौतिकशास्त्र तसं… प्राथमिक आहे.”

“मला विज्ञानाची बाजू फारच भक्कम वाटली,” साहित्याचे सर म्हणाले. “साहित्याचा विचार मात्र वरवरचा. ‘अत्यंत’ हा शब्द मोजायचा नसतो, तो अनुभवायचा असतो.”

“चार पंख्यांखाली बसून,” मागून एक पोरगी म्हणाली.

मॅडमनी हात पुढे केला. त्यांनी कागद मागून घेतला, ते पत्र काढलं, आणि स्वतःचीच सही असल्यासारखं नव्हे, एखाद्या जुन्या राजाची सापडावी तशी ती सही निरखली. मग म्हणाल्या, “हे पत्र मी लिहिलं. पाच वेळा ‘अत्यंत’ लिहिलं कारण आधीच्या पत्रात कुणीतरी चार वेळा लिहिलं होतं.” आणि त्या हसायला लागल्या. पहिल्यांदा बारीक, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता म्हणाल्या, “हाच, हाच तो! मला जो अभ्यासक्रम करायचा होता ना, तो हा आहे. तीन वर्षं बडबडतेय, आणि केला तुम्ही.”

गुणपत्रकात तीन रकाने होते, विज्ञानाचा, सामाजिक शास्त्रांचा आणि भाषेचा. सगळं मिळून कसं आहे, याला रकाना नव्हता. सरांनी आपल्या रकान्यात काठावरचे गुण दिले. साहित्याच्या सरांनी काठाच्या दोन वर. मॅडमनी आपल्या रकान्यात शंभरपैकी शंभर दिले, तेव्हा संगणकाने ‘व्यायामशाळेच्या अभ्यासक्रमात पैकीच्या पैकी गुणांसाठी पंचांचा दाखला जोडा’ असं मागितलं. मॅडमनी उंच खुर्चीचा फोटो जोडला. तो मंजूर झाला.

चावीताई पास झाल्या.

त्या कागदाचं पुढे जे झालं ते मात्र विद्यापीठाला साजेसं झालं. कुणीतरी तो कुलगुरूंपर्यंत पोचवला. कुलगुरू फारच प्रभावित झाले आणि त्यांनी खोल्यांच्या वापराचा सखोल अभ्यास करण्यासाठी अकरा जणांची समिती नेमली. समितीला बसायला खोली हवी होती. तिला दोनशे सात देण्यात आली, कायमची, दिवसभरासाठी. वर्षभरात समितीच्या दोन बैठका झाल्या; दुसरी बैठक पहिल्या बैठकीचं इतिवृत्त सापडत नाही म्हणून तहकूब झाली. गणित विभागाचे अकरा तास तेवढे गेले. ते आता जिन्यात शिकवतात. त्यांनी तक्रारीचं पत्र पाठवलं, त्यात एकच ओळ होती.

पदवीदान समारंभाला बाई गेल्या. झगा भाड्याचा होता आणि खांद्यात बराच मोठा. रांगेत त्यांच्यामागे त्यांची मुलगी होती, कारण तिचंही त्याच वर्षी संपलं. नाव पुकारलं गेलं तेव्हा बाई जागच्या हलल्या नाहीत. ते आपलंच नाव आहे हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. मुलीने मागून दंड धरला. “आई, तुला बोलावतायत!” सभागृहातून कुणीतरी ओरडलं, “चावीताई!” तेव्हा त्या पुढे गेल्या. कुलगुरूंनी हसून त्यांना प्रमाणपत्र दिलं आणि विचारलं, “आता पुढे काय करणार?” हा प्रश्न ते सगळ्या मुलांना विचारत होते. बाई म्हणाल्या, “सभागृहाची चावी परत घ्यायचीय, साहेब, मग घरी.”

पदवी हातात आली तशी साहेबांची जुनी शंका पुन्हा वर आली. आता या बाई पदवीधर. पदवीधर कर्मचारी जिन्याखाली ठेवणं नियमात बसत नव्हतं. त्यांची बढती झाली, अधीक्षक म्हणून, पाणीपुरवठा व मलनिस्सारण शाखेत, विद्यापीठाच्या पार दुसऱ्या टोकाला. मॅडम धावत साहेबांकडे गेल्या. “अहो, त्यांच्याशिवाय आमचा कार्यक्रम एक दिवस चालणार नाही!” साहेब म्हणाले, “कार्यक्रम व्यायामशाळेचा आहे ना? मग व्यायामशाळेने अर्ज करावा.”

मॅडम बाईंनाही भेटल्या. “नाकारता येते बढती. तुम्ही नाकाराल?”

चावीताईंनी हातातली चावी खिळ्याला अडकवली. मॅडमना वाईट वाटेल हे त्यांना दिसत होतं. “नाही, मॅडम,” त्या म्हणाल्या. “सव्वीस वर्षं मी वाकून उठतेय. मला जरा उंच छताखाली बसून पाहायचंय. तुमच्या वर्गाला मात्र दर बुधवारी येईन. आता पोरांना खोली कशी बघायची ते दाखवायला तरी.”

त्यांच्या जागी एक तरतरीत गृहस्थ आले. त्यांनी पहिल्या आठवड्यात सगळ्या चाव्या अकारविल्हे लावल्या, त्यामुळे दोन महिने कुणाला कुठलीच खोली उघडता आली नाही.

पाण्याच्या शाखेत बाईंचा पहिला दिवस. छत खरंच उंच होतं. टेबल मोठं, आणि टेबलाच्या पलीकडे एक वयस्कर मिस्त्री हात मागे बांधून उभे. नव्या साहेबीणबाई कशा आहेत हे जोखत होते. बाईंनी जमिनीखालच्या नळांचा नकाशा मागितला. मिस्त्रींनी एक सोडून तीन नकाशे आणले. एक बांधकाम विभागाचा, एक वसतिगृहाचा, एक खुद्द आपल्या शाखेचा. तिन्ही टेबलावर पसरले, तर ग्रंथालयाखालून जाणारा मोठा नळ पहिल्यात उत्तरेला वळत होता, दुसऱ्यात दक्षिणेला, आणि तिसऱ्यात नव्हताच.

“खरं कुठलं?” बाईंनी विचारलं.

“तसं कुणी कधी विचारलं नाही,” मिस्त्री म्हणाले. “फुटला की कळतं.”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि तिन्ही नकाशांवर वाकल्या. “मिस्त्री, तुमचं काय म्हणणं? इतकी वर्षं तुम्ही खणताय.”

मिस्त्रींनी मागचे हात सोडले. आधी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि खुर्ची ओढून बसले. “बाई, मला विचाराल तर ही गोष्ट फार जुनी आहे. आधी तिथे तळं होतं…”

“थांबा,” चावीताई म्हणाल्या आणि नवी वही उघडली. “सावकाश सांगा. लिहून घेते.”